सात बैल, सात मेंढे आणि चौदा पोळ्या

माझ्या मित्राच्या प्रार्थनेविषयी सध्या तीन हकिगती सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. त्यांच्या चर्चच्या तरुण पाद्रींनी आपल्या पत्रिकेत लिहिले की, मंडळीच्या अखंड विनवण्यांमुळे एका वयोवृद्ध पंडिताचा ढळलेला विश्वास पुन्हा स्थिर झाला. मित्राची धाकटी बहीण सांगते की, मी त्यांच्या घरात उच्चारलेल्या एका अशुभ शब्दाचे परिमार्जन देवाने माझ्याकडूनच करवून घेतले. आणि माझी सून नातलगांना फोनवरून सांगते की त्या दिवशी सासरे रडले. मी रडलो नाही. त्या खोलीत आम्ही तिघेच होतो. पाद्री नव्हते, सून नव्हती, आणि बहिणीचे अर्धे लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होते. तेव्हा खरे काय घडले ते लिहिण्याचा अधिकार माझा आहे आणि तो मी सोडणार नाही.

मी तंजावरकडचा मराठी. चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर नुंगंबाक्कमला मुलाकडे राहायला आलो. मुलगा ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात आहे, सून पुण्याची. आमच्या घरातली मराठी प्रथम ऐकली तेव्हा ती हसली होती. मी तिला सांगितले की तुमची भाषा बदलत गेली, आमची जिथल्या तिथे उभी आहे. तेव्हा कोणी कोणाला हसायचे याचा विचार कर. त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

मित्राशी ओळखही वादातूनच झाली. ते तमिळ ख्रिस्ती; पाद्री घडवणाऱ्या एका विद्यालयात इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा शिकवून निवृत्त झालेले. एका सभागृहात त्यांचे ‘दुःख आणि धर्मग्रंथ’ या विषयावर व्याख्यान होते. बोलता बोलता त्यांनी कर्मसिद्धांताला दोन वाक्यांत गुंडाळले. मी उभा राहिलो आणि अध्यक्षांनी चार वेळा घंटी वाजवली तरी बसलो नाही. सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले. मला वाटले, आता भांडतील. ते म्हणाले, “ओय् रायर, उरलेलं गुरुवारी चार वाजता माझ्या घरी येऊन सांगा. तिथे घंटी नाही.”

आम्हा तंजावरच्या मराठ्यांना इकडे ‘रायर’ म्हणतात. मी त्यांना ‘वाद्यार’ म्हणू लागलो. तमिळमध्ये मास्तरही वाद्यार आणि भटजीही वाद्यार. एका ख्रिस्ती पंडिताला ते चिडवण्यासाठी फार सोयीचे होते. ते कधी चिडले नाहीत. आमचे सारे बोलणे तमिळमध्ये होई. येथे ते मी मराठीत देतो आहे.

त्या गुरुवारपासून अठरा वर्षे दर गुरुवारी चार वाजता मी तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या घराचा जिना चढत आलो. मी त्यांना संस्कृत शिकवले, त्यांनी मला इब्री. उजवीकडून डावीकडे वाचायला मला तीन महिने लागले. ते सर्वांना सहा सांगतात. त्यांची पत्नी, जिला मी अम्मा म्हणत असे, स्वयंपाकघरातून आमचे आवाज ऐकत बसे. आवाज एका ठरावीक पट्टीवर पोहोचला की ती दोन पेले कॉफी आणून दोघांच्या मधोमध, उघड्या पोथ्यांवरच ठेवायची. पोथीवर कॉफी ठेवल्यावर दोघांनाही एकदम ओरडायला हवे, म्हणून दोघे एका पक्षात यायचे. हा तिचा डाव आहे हे समजायला आम्हा दोन पंडितांना कित्येक वर्षे लागली.

अम्मा गेली ती दीड वर्षाच्या दुखण्यानंतर. वाद्यारांनी तिचे सर्व काही स्वतः केले. शेवटच्या महिन्यांत तिला गिळवत नसे, तेव्हा ते अर्धा अर्धा चमचा कांजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवीत आणि प्रत्येक चमच्याला मोठ्याने प्रार्थना करीत. ती गेली त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नाही. जेवणापूर्वीचे आभारही त्यांनी बंद केले. जन्मभर दुसऱ्यांना देवाशी बोलायला शिकवलेला माणूस ताटासमोर मुकाट्याने घास घेऊ लागला, आणि हे पाहून त्यांची बहीण, जी भावाला सांभाळायला गावाहून येऊन राहिली होती, घाबरून गेली.

आता माझ्या अपराधाकडे येतो. तो मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला तो फुगवता येणार नाही.

इकडे कोणाच्या घरी मृत्यू झाला की दुःख विचारायला जातात. या भेटीचे नियम हिंदूंत आणि ख्रिस्त्यांत सारखेच आहेत. जाऊन बसायचे, फार बोलायचे नाही आणि निघताना निरोप घ्यायचा नाही. एरवी कोणत्याही घरातून उठताना आपण ‘येतो’ म्हणतो, तमिळ माणूस ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो, म्हणतो. दुःखाच्या घरात ते म्हणायचे नसते. अशा कारणासाठी पुन्हा या घरी येणे न होवो, म्हणून न सांगता उठून चालू लागायचे. हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

अम्माला जाऊन पाच दिवस झाले होते आणि गुरुवार होता. खोलीत बहीण होती, चर्चमधल्या दोन बायका होत्या. वाद्यार खिडकीपाशी बसले होते. मी अर्धा तास गप्प बसलो. माझ्या हिशेबी ते पुष्कळ झाले. मग मला वाटले की मित्र दुःखात आहे आणि माझ्यापाशी दुःखाचे शास्त्र आहे, तर ते न सांगणे हा कद्रूपणा होईल. मी प्रारब्ध सांगितले. या जन्मी निष्पाप दिसणाऱ्या जीवालाही पूर्वकर्म भोगूनच संपवावे लागते, अम्माचे भोग संपले, ती सुटली, असे मी चांगले मुद्देसूद सांगितले.

वाद्यारांनी खिडकीकडची मान वळवली.

“तिनं काय केलं होतं?” त्यांनी विचारले.

“या जन्मी काही नाही. म्हणून तर पूर्वजन्म.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही. पण तिनं काहीतरी केलं असणार, हे मात्र माहीत आहे.” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होते. “ओय् रायर, चाळीस वर्षं मी वर्गात त्या तीन मित्रांची टिंगल केली. आज त्यातला एक माझ्या घरी येऊन बसलाय.”

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इब्री शास्त्रात एका सज्जन माणसाची कथा आहे. त्याची गुरेढोरे जातात, दहाही मुले एका दिवशी मरतात, अंगभर गळवे उठतात आणि तो राखेत बसून राहतो. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, आणि तेवढेच काय ते त्यांच्या हातून चांगले घडते. पुढे ते तोंड उघडतात आणि एकापाठोपाठ एक त्याला पटवतात की देव न्यायी आहे, त्या अर्थी तुझेच काही चुकले असणार. मी सात दिवसही गप्प राहू शकलो नव्हतो.

अपमान झाला तेव्हा मी उठलो. दारापाशी गेलो, चपला घातल्या, आणि अठरा वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, “पोयिट्टु वरेन.”

चर्चमधल्या एका बाईने तोंडावर पदर घेतला. बहीण जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, “अय्यो! कोणत्या घरात काय बोलता, सार? अजून कोणाला न्यायला येणार आहात?” मी संतापून जिना उतरलो.

घरी सुनेने विचारले तेव्हा मी सर्व सांगितले. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही चुकलात.”

“सिद्धांतात कुठे चूक आहे ते दाखव.”

“सिद्धांताचं मी कुठे म्हणतेय? तुम्ही चुकलात.”

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पुढच्या गुरुवारी जायचे नाही असे मी ठरवले आणि दुपारी झोपायचा प्रयत्न केला. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“ओय् रायर,” वाद्यार म्हणाले, “येतो म्हणून सांगून गेलात. दहा मिनिटं झाली.”

एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. नियम मोडून तोंडातून गेलेला तो शब्द त्यांनी वचन म्हणून धरला होता. मी रिक्षाने गेलो. गप्प बसलो. तेही गप्प बसले. बहिणीने कॉफी आणली आणि माझ्यापासून दूर, स्टुलावर ठेवली. असे सहा गुरुवार गेले. मी सहा गुरुवार गप्प बसलो यावर माझ्या घरात अजून कोणाचा विश्वास नाही.

सातव्या गुरुवारी पाद्री आले. भला माणूस आहे, मन लावून काम करतो. त्यांच्याशी माझे वैर नाही. त्यांनी वाद्यारांचा हात हातात घेतला आणि त्या राखेतल्या माणसासारखा धीर धरा, तक्रारीचा शब्द न काढता सोसा, असे सांगितले. तिथे मात्र माझे मौन संपले.

“कोणता धीर?” मी म्हणालो. “पहिल्या दोन अध्यायांत तो धीर धरतो. पुढे पस्तीस अध्याय काय चाललंय? आपला जन्म झाला त्या दिवसाला तो शाप देतो. देवाला म्हणतो, समोर ये, माझ्यावर काय आरोप आहे ते सांग. हा धीर?”

पाद्री नम्रपणे हसले. “सार, तुम्ही हिंदू आहात. आमच्या परंपरेत—”

“मी मूळ इब्री वाचलंय. तुम्ही?”

पाद्रींनी वाद्यारांकडे पाहिले. ते एकेकाळी वाद्यारांच्याच वर्गात होते. “हा तिसऱ्या प्रयत्नात पास झाला,” वाद्यार म्हणाले, आणि अम्मा गेल्यानंतर प्रथमच हसले. पाद्रीही हसले, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

पण पाद्री गेल्यावर वाद्यारांचा चेहरा उतरला. “रायर, तो राखेतला माणूस ओरडतो हे बरोबर. पण ओरडतो कोणाकडे, ते पाहिलंत? मित्र सगळा वेळ देवाविषयी बोलतात. तो एकटा देवाशी बोलतो. शिव्या देईना का, पण त्यालाच देतो. मला तेवढंही जमत नाही. तोंड उघडतो आणि आत काही नसतं. सगळ्यांना वाटतं माझा विश्वास गेला.”

“गेला का?” मी विचारले.

“माहीत नाही. त्याचीच भीती वाटते.”

ते फार वेळ हाताकडे पाहत राहिले. अम्माला चमचा भरवणारा तो उजवा हात. मी तेव्हा एक गोष्ट सांगितली, आणि तिचे श्रेय पाद्री किंवा मंडळी कोणालाही मी देणार नाही. मी म्हणालो, “वाद्यार, आमच्या मराठीत याला अबोला म्हणतात. नवरा-बायकोत असतो, भावाभावांत असतो. जो नाहीच, त्याच्याशी अबोला कोण धरेल?”

त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग उठले, कपाटातून पोथी काढली आणि म्हणाले, “पहिल्यापासून वाचू. सावकाश.”

आम्ही दहा महिने वाचले. ऊन वाढले, उतरले, पंख्याचा वेग बदलत गेला. बहिणीने कॉफीचे पेले स्टुलावरून टेबलावर आणले. भांडणे पूर्ववत सुरू झाली. शेवटी शेवटी देव वावटळीतून बोलतो त्या भागापाशी माझी सहनशक्ती संपली.

“माणसानं न्याय मागितला,” मी म्हणालो, “आणि देव दाखवतो काय? रानगाढव, डोंगरातल्या बकऱ्या, शहामृग! माझ्या वर्गात कोणी असा पेपर लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं. प्रश्न एक, उत्तर भलतंच.”

“पोर रडायला लागलं की आई काय करते? कारणं सांगते? खिडकीपाशी नेते आणि म्हणते, तो बघ काऊ.”

“त्या आईनं त्या पोराचा घास काढून घेतलेला नसतो.”

“हो,” वाद्यार म्हणाले. “ते खरं. ते मला सोडवता आलेलं नाही.” मग थोड्या वेळाने, “पण रायर, ती आली तरी. पोराच्या हाकेला आली. उत्तर न आणता का होईना, आली. मी चाळीस वर्षं उत्तर शिकवत बसलो, येण्याकडे माझं लक्षच नव्हतं.”

त्यांनी देवाला ‘आली’ म्हटले ते मी दुरुस्त केले नाही. बोलता बोलता देव आणि अम्मा यांची त्यांच्याकडून सरमिसळ झाली असावी.

शेवटी त्या माणसाला पुन्हा दहा मुले होतात. तिथे मी पोथी मिटायला निघालो; मेलेल्या दहांच्या जागी नवी दहा, हा न्याय नसून थट्टा आहे, असे माझे म्हणणे होते. वाद्यार शांतपणे म्हणाले, “पहिल्या दहांना तो विसरला, असं कुठं लिहिलंय? दाखवा.” मी शोधले. लिहिलेले नव्हते.

मग त्यांनी बोट चार ओळी मागे नेले. आम्ही एक जागा ओलांडून पुढे गेलो होतो. तिथे देव त्या तीन मित्रांवर रागावतो. माझी बाजू घेऊन बोललात, पण खरे बोलला तो हा भांडणारा माणूस, असे सांगतो. सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्याच्याकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, त्याचे मी ऐकेन. आणि तो मित्रांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्याचे दिवस पालटतात. आधी पालटत नाहीत. मुले, गुरे, सारे त्यानंतर.

वाद्यारांनी ती ओळ वाचली आणि पोथी मिटली. “आज इथंच थांबू,” म्हणाले.

मी घरी आलो. ते तिथेच का थांबले हे मला जिन्यातच समजले होते. पुढच्या ओळीत त्यांनी तोंड उघडायला हवे होते, आणि त्यापूर्वीच्या ओळीत मी जायला हवे होते. मित्र आल्याशिवाय तो माणूस प्रार्थना करणार कोणासाठी? आणि मित्राने जाऊन सांगायचे काय, तर मी चुकलो. हे वाक्य मी मुख्याध्यापकांना म्हटले नाही, मुलाला म्हटले नाही, बायको होती तेव्हा तिलाही म्हटले नाही. चार दिवस मी चांगल्या पर्यायी शब्दरचना करून पाहिल्या. कोणत्याही रचनेत मी थोडा थोडा बरोबर उरत होतो.

बुधवारी सुनेला म्हणालो, “उद्या पुरणपोळ्या कर. सात मोठ्या, सात लहान.”

“चौदा? कोण येणार आहे, बाबा?”

“कोणी नाही. मी जाणार आहे. आणि तुमच्या पुण्यासारख्या कागदी नकोत. आमच्या जाड कर.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि, हे तिच्या स्वभावाला सोडून होते, वाद घातला नाही. जाड केल्या. दोन करपल्या होत्या. त्या मी मेंढ्यांत घातल्या.

गुरुवारी चार वाजता मी डबा टेबलावर, मधोमध ठेवला. अम्मा पेले ठेवायची त्या जागी. बहीण झाकण उघडून मोजू लागली. “सार, चौदा? आम्ही दोघंच.”

वाद्यारांनी डब्यात पाहिले. मोठ्या बाजूला केल्या, लहान बाजूला केल्या. मग म्हणाले, “करपलेले बैल की मेंढे?”

“मेंढे.” मी उभाच होतो. “वाद्यार, अम्माविषयी त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं.”

“डाव्या कानानं कमी ऐकू येतं मला. पुन्हा सांगा.”

“एकदाच सांगणार होतो.”

“ओय् रायर. पुन्हा.”

“मी चुकलो,” मी म्हणालो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कर्मसिद्धांत मी सोडलेला नाही. गेलेल्या बाईच्या नवऱ्यापुढे, पाचव्या दिवशी, तो मांडण्यात मी चुकलो. पण हा खुलासा मी त्या वेळी केला नाही, आणि माझ्या आयुष्यातले हे एक मोठे मौन आहे असे मी समजतो. सुनेचे रडण्याचे जे म्हणणे आहे ते बहिणीकडून ऐकीव आहे. पंखा बंद होता, घाम होता.

वाद्यारांनी डोळे मिटले. ओठ हलले, थांबले. स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देत होता आणि बहीण गॅस बंद करायला आत पळाली. मग त्यांनी सुरुवात केली, आणि ती सुरुवात स्तुतीने झाली नाही. ते म्हणाले, “तू मला उत्तर दिलेलं नाहीस. मी ते विसरलेलो नाही.” पुढे अम्माचे नाव घेतले, आणि मग बराच वेळ फक्त श्वास. मला वाटले, संपले. पण ते पुढे बोलू लागले: “हा एक रायर माझ्याकडे आलाय. हट्टी आहे. कोणाचं ऐकत नाही. सभेत घंटी वाजली तरी बसत नाही. दुःखाच्या घरात येतो म्हणून सांगतो आणि खरंच येतो. याची इब्री अजून कच्ची आहे, उजवीकडून वाचायला याला सहा महिने लागले—”

“तीन,” मी म्हणालो.

“गप्प बसा, मी त्याच्याशी बोलतोय,” वाद्यार डोळे न उघडता म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले.